तो वॉचमन वाचला का? क्राइम स्टोरी सांगणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

मराठीतून क्राइम स्टोरी सांगणारे तुम्ही सगळे, यूट्यूब चॅनलवाले, पॉडकास्टवाले, पोर्टलवर रोज एक थरारक प्रकरण टाकणारे आणि रविवारच्या पुरवणीत अर्धं पान लिहिणारे, तुम्हा सगळ्यांना मिळून हे एकच पत्र लिहितेय. आधी एकेका चॅनलला मेल करणार होते, दोघांना केलाही, पण मग लक्षात आलं की तक्रार कोणा एकाची नाहीच आहे, गोष्ट सांगायची सगळ्यांची पद्धतच एक झालीय, म्हणून उघड लिहिते.

सुरुवात बाबांपासून करावी लागेल. माझे बाबा अठ्ठावीस वर्षं वॉचमन होते, त्यातली बहुतेक नाइट ड्युटी. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी रात्रीची झोप काही लागत नाही, मग साडेदहा वाजले की मोबाइल छातीवर ठेवून पडल्या पडल्या तुमचे एपिसोड ऐकतात. तुमच्यातल्या काही जणांचा आवाज आमच्या घरात रोजचा आहे, हे आधी सांगते म्हणजे मी उगाच तुमच्यावर घसरतेय असं वाटायला नको. तर गेल्या महिन्यात त्यांनी पॅट्रिझिया रेजियानीचा एपिसोड लावला. इटलीतल्या गुची या महागड्या फॅशन ब्रँडच्या घराण्यातल्या मॉरिझिओ गुचीची घटस्फोटित बायको, जिने त्याच्या खुनाचा कट रचला आणि जिला त्याबद्दल शिक्षा झाली, ती. पन्नास मिनिटांचा एपिसोड. मी बाजूला कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. शेवटचं म्युझिक वाजलं, पुढच्या एपिसोडची झलक झाली, आणि बाबा म्हणाले, "आणि तो वॉचमन गं? त्याला पण गोळ्या लागल्या म्हणाला ना हा. वाचला का तो?"

मला सांगता येईना. एपिसोडमध्ये ते नव्हतंच.

दुसऱ्या दिवसापासून जाता येता मी या प्रकरणावरचं मराठीत मिळेल ते सगळं ऐकलं, वाचलं. त्या माणसाला बहुतेक ठिकाणी एक वाक्य मिळालंय, 'या गोळीबारात इमारतीचा दारवानही जखमी झाला', बास, आणि एका ठिकाणी तर तेवढंही नाही. जेलमधून बाहेर आल्यावर पॅट्रिझिया खांद्यावर मोठा पोपट घेऊन मिलानच्या रस्त्यांवरून फिरायची त्याला मात्र तीन तीन मिनिटं. जेलमध्ये तिला फेरेट, म्हणजे मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी, पाळायची परवानगी मिळाली होती, त्याचं नाव काय होतं, तो मेला कसा, हे सगळं आहे. सायकलवर हसत बसण्यापेक्षा रोल्स रॉइसमध्ये रडणं परवडलं असं ती म्हणाली होती म्हणतात, त्या वाक्याने तर जवळजवळ प्रत्येकाची सुरुवात. अटकेच्या पहाटे ती फरचा कोट आणि दागिने घालून निघाली ते आहे. हे सगळं खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण हे ऐकून झाल्यावर माणसाच्या डोक्यात काय उरतं तर एक झगमगीत बाई आणि मागे कुठेतरी एक मेलेला श्रीमंत माणूस. ज्याच्या हातात त्या सकाळी झाडू होता तो माणूस कुठेच उरत नाही.

मग मी मूळापासून वाचत गेले. आता जे लिहितेय ते तुमच्या स्क्रिप्टमध्ये यायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

२७ मार्च १९९५, सोमवार, सकाळी साडेआठच्या सुमारास. मिलानमधला व्हिया पालेस्त्रो नावाचा रस्ता, त्याला लागून मोठी सार्वजनिक बाग. २० नंबरच्या इमारतीत मॉरिझिओचं ऑफिस होतं. दारवान दाराशी पानं झाडत होता. मॉरिझिओ पायी आला, नेहमीसारखं गुड मॉर्निंग केलं आणि दारातून आत निघाला, तेवढ्यात मागून आलेल्या माणसाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या आणि तो कोसळल्यावर आणखी एक डोक्यात घातली. मग तो वळला आणि समोर हा. याच्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं, याच्या नावाने कोणी पैसे मोजले नव्हते, हा फक्त ड्युटीवर होता. त्याच्यावरही दोन गोळ्या झाडल्या, त्या हाताला लागल्या. मारेकरी बाहेर थांबलेल्या गाडीतून पळून गेला. आणि दारवान, ज्याच्या स्वतःच्या हातातून रक्त येत होतं, तो मॉरिझिओचं डोकं धरून बसला होता. नंतर मुलाखतींमध्ये त्याने सांगितलंय की मॉरिझिओने त्याच्याच हातात प्राण सोडला. सेहेचाळीस वर्षांचा होता मॉरिझिओ.

मी हे बाबांना वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "साडेआठ म्हणजे झाडू मारायचीच वेळ ती." त्यांना तेवढंच म्हणायचं होतं.

आता बाबांचं एक सांगते, कारण त्याशिवाय मला हे एवढं का लागलं ते कळणार नाही. मी सातवीत होते. बाबा ज्या सोसायटीत होते तिथे रात्री चोर शिरले, बाबांनी एकाला जिन्यात धरलं तर दुसऱ्याने लोखंडी सळई हाणली. मनगटाच्या वर. हाड मोडलं होतं, प्लेट बसवली, आजही त्या हाताने त्यांना पाण्याची कळशी उचलता येत नाही, शर्टाचं वरचं बटण लावताना ते डावा हात वापरतात आणि आपण बघतोय असं दिसलं की पाठ फिरवतात. दोन दिवसांनी पेपरात बातमी आली. फ्लॅटच्या मालकाचं नाव, किती तोळे गेले, कपाट कुठल्या खोलीत होतं, सगळं होतं, आणि शेवटी 'वॉचमन किरकोळ जखमी'. आईने ते कात्रण कापून ठेवलं होतं. का ठेवलं होतं माहीत नाही, त्यात बाबांचं नाव तर नव्हतंच. पण अजून आहे, पत्र्याच्या डब्यात, रेशन कार्डाच्या खाली.

तर 'दारवानही जखमी झाला' हे वाक्य मी असं ऐकते. तुम्ही वाईट हेतूने लिहीत नाही हे मला कळतं. सवयीने लिहिता. पण सवयच बदला म्हणून तर पत्र लिहिलंय.

दुसरी गोष्ट, थोड्या चुका. लहान वाटतील पण नाहीत.

एक तर ती 'पत्नी' नव्हती. १९७२ साली लग्न झालं, त्याच्या वडिलांचा कडक विरोध असताना. १९८५ मध्ये बिझनेस ट्रिपला जातो सांगून तो घराबाहेर पडला तो परत आलाच नाही, आणि पुढे रीतसर घटस्फोट झाला. म्हणजे खून झाला तेव्हा तो दहा वर्षं वेगळा राहत होता, दुसऱ्या बाईबरोबर संसार मांडून होता, तिच्याशी लग्न करणार होता. मग थंबनेलवर 'नवऱ्याला संपवणारी बायको' कशाला? इटलीच्या पेपरांनी तिला 'काळी विधवा' नाव दिलं, म्हणजे ती कोळीण जी नराला खाते ती, आणि ते इतकं चिकटलं की तुमच्यातल्या एकाने तिला शब्दशः त्याची विधवा करून टाकलंय. घटस्फोट झाला होता ही या प्रकरणातली साइडची माहिती नाहीये, तोच गाभा आहे. नातं कागदावर संपलं होतं, तिच्या डोक्यात संपलं नव्हतं. सरकारी पक्षाचं म्हणणं होतं की मत्सर आणि पैसा दोन्ही होतं, त्याने दुसरं लग्न केलं असतं तर तिला मिळणाऱ्या पैशाला कात्री लागली असती आणि तिची जागा कायमची गेली असती.

आणि 'गुची कंपनीसाठी खून' हेही चूक आहे. मॉरिझिओने आपला हिस्सा १९९३ मध्येच बहारिनच्या इन्व्हेस्टकॉर्प कंपनीला विकून टाकला होता, आणि त्याच्यानंतर गुची घराण्यातल्या कोणाचा त्या कंपनीत वाटा राहिला नव्हता. खून झाला तेव्हा दुकानावरच्या पाटीवर फक्त आडनाव होतं. पण तुम्हाला ती बॅग, ती चामड्याची दोन जी ची बकल दाखवायची असते ना, त्यामुळे कंपनी गोष्टीतून हलतच नाही. २०२१ मध्ये या प्रकरणावरचा सिनेमा आल्यापासून तर जास्तच.

तिने गोळी झाडली नाही, हे बहुतेकांनी बरोबर सांगितलंय. पण 'सुपारी दिली' एवढं म्हणून तुम्ही पुढे सरकता आणि तिथेच खरं थांबायला हवं होतं. सुपारी हा आपला शब्द इतका छोटा आहे, तोंडात टाकावी आणि विषय संपावा असा, की त्यात किती माणसं लागतात ते दिसतच नाही. इथे काय झालं बघा. पॅट्रिझियाची एक जुनी मैत्रीण होती, भविष्य वगैरे सांगणारी, तिच्यामार्फत बोलणं झालं. मैत्रिणीने एका स्वस्तातल्या हॉटेलच्या पोर्टरला, म्हणजे तिथल्या दारावरच्या माणसाला गाठलं. पोर्टरने कर्जात बुडालेला एक माणूस शोधला ज्याचा आधी पिझ्झाचा धंदा होता, त्याने गाडी चालवली. आणि त्याच्या पुढे गोळी झाडणारा, तोही पैशाच्या अडचणीतला. आकडा सांगतात तो ६० कोटी लिरा, म्हणजे पुढे युरो आला त्या हिशेबाने साधारण ३ लाख १० हजार युरो. एका बाईच्या मनातला राग चार जणांच्या खिशातून फिरत फिरत त्या दारापर्यंत गेला, आणि त्या चारातल्या प्रत्येकाला वाटेत थांबता आलं असतं. हॉटेलच्या काउंटरमागे उभं राहून पोर्टर नाही म्हणू शकला असता. मैत्रीण म्हणू शकली असती की तू वेडी झालीस का, चल घरी.

खटल्यात हेही आलं की पॅट्रिझियाने आपल्या वकिलालाच विचारलं होतं, मी त्याला मारून टाकलं तर मला काय होईल. तिने मॉरिझिओला कॅसेटवर बोलून धमक्या पाठवल्या होत्या. म्हणजे हे काही अंधारात, कोणाला पत्ता न लागता झालेलं नाही, ती बोलत होती, माणसं ऐकत होती, आणि श्रीमंत बाई आहे, रागात आहे, बोलते, असं म्हणून सोडून देत होती. यावर एक अख्खा एपिसोड होईल हो. धमकी गंभीरपणे कधी घ्यायची, कोणाला सांगायची. माझ्या ओळखीत दोन घटस्फोट असे झालेत की ज्यात एकाने दुसऱ्याला जिवंत ठेवणार नाही असं चारचौघांत म्हटलंय आणि चारचौघांनी चहा पीत राहिलंय. एकात नवरा म्हणाला होता, एकात बायको. काही झालं नाही, नशीब.

आता दाराबद्दल. हे मला बाबांमुळे दिसलं, माझं मला दिसलं नसतं.

खुनानंतर जवळजवळ दोन वर्षं पोलिसांना धागा लागत नव्हता, ते मॉरिझिओच्या धंद्यातले शत्रू, पैशाचे व्यवहार शोधत होते. मग जानेवारी १९९७ मध्ये मिलान पोलिसांच्या एका अधिकाऱ्याला माहिती मिळाली. देणारा कोण, तर त्या स्वस्त हॉटेलात राहणारा एक माणूस, ज्याच्यापाशी पोर्टरने बढाई मारली होती की गुचीच्या खुनात मी आहे. पोलिसांनी मग आपलाच एक माणूस कोलंबियाचा गुंड म्हणून त्यांच्यात घुसवला, बोलणं रेकॉर्ड केलं, फोन ऐकले, आणि ३१ जानेवारी १९९७ च्या पहाटे सगळ्यांना उचललं. हे बाबांना सांगितलं तर ते उठूनच बसले. म्हणाले, "बघ, एका दारावरचा माणूस विकला गेला आणि दुसऱ्या दारावरच्याने गोळ्या खाल्ल्या. मोठी माणसं आत बाहेर करतात, दारावरचा सगळं बघतो."

आणि खरंच आहे ते. व्हिया पालेस्त्रोच्या दारात खुनी समोरून कोणी पाहिला तर दारवानाने. कोर्टात येऊन ओळखला कोणी तर त्यानेच. ज्या माणसाने आपल्यावर पिस्तूल रोखलं होतं त्याच्या समोर, भरल्या कोर्टात, बाहेर जगभरचे कॅमेरे असताना, उभं राहून हाच तो म्हणायचं, याला काय लागतं ते विचार करा. मारेकऱ्याला पहिल्या निकालात जन्मठेप झाली. तुमच्या स्क्रिप्टमध्ये साक्षीदार हा शब्दच नाही. 'पोलिसांनी छडा लावला' एवढंच आहे. छडा हॉटेलात राहणाऱ्या एका माणसाने आणि झाडू मारणाऱ्या एका माणसाने लावून दिला.

दारवानाचं नाव मी इथे लिहीत नाही. ते गुप्त नाहीये, पाच मिनिटं शोधलंत तर मिळेल, पण मला ते तुमच्या तोंडून ऐकायचंय. पोपटाची माहिती काढायला जेवढा वेळ लागला असेल त्याहून कमी लागेल.

शिक्षेचं एकदा नीट सांगा. कोणी जन्मठेप म्हणतं, कोणी फाशीतून सुटली म्हणतं, इटलीत तर फाशी तेव्हा नव्हतीच. नोव्हेंबर १९९८ मध्ये मिलानच्या कोर्टाने पॅट्रिझियाला २९ वर्षांची शिक्षा दिली. अशा खटल्यांना तिकडे जे कोर्ट असतं त्यात दोन न्यायाधीश आणि सहा साधे नागरिक मिळून बसतात, म्हणजे हा एका माणसाचा निकाल नव्हता. २००० मध्ये अपिलात ती २६ वर्षं झाली. प्रत्यक्षात साधारण अठरा वर्षं भोगून २०१६ मध्ये ती मोकळी झाली. इटलीच्या कायद्यात गुन्ह्यात सामील असलेला प्रत्येक जण त्या गुन्ह्याच्या शिक्षेला पात्र असतो, गोळी कोणी झाडली हे बघून सुटका होत नाही, हे एक वाक्य सांगितलंत तर 'तिने तर हातही लावला नाही' असं लिहिणाऱ्या निम्म्या लोकांना उत्तर मिळेल.

तिच्या मेंदूत ट्युमर होता आणि १९९२ मध्ये त्याचं ऑपरेशन झालं होतं, तिच्या बाजूने हे मांडलं गेलं की त्याने तिचा स्वभाव बदलला. कोर्टाने तपासण्या करवून घेतल्या आणि तिला आपल्या कृत्याची जाण होती असंच ठरलं. हे एका एपिसोडमध्ये असं सांगितलंय की जणू आजाराचा बहाणा करून ती सुटायला बघत होती. आजार बहाणा नव्हता हो, खरा होता, फक्त त्याने जबाबदारी संपत नाही असं कोर्ट म्हणालं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजारी माणसाबद्दल बोलताना एवढं तरी सांभाळा.

आता मला सगळ्यात जास्त राग ज्याचा आला ते. जेलमधून बाहेर आल्यावर तिला टीव्हीवाल्यांनी रस्त्यात विचारलं की तू स्वतः का नाही गोळी झाडलीस, तर ती म्हणाली माझी नजर तेवढी चांगली नाही, नेम चुकायला नको होता. तुमच्यातल्या तिघांनी हे वाक्य घेतलंय. एकाने त्यावर हसण्याचा साउंड इफेक्ट टाकलाय. एकाने 'क्वीन' लिहिलंय. नेमाची गोष्ट चाललीय आणि तुम्हाला हसू येतं? ज्याने नेम धरला त्याच्या दोन गोळ्या अशा माणसाला लागल्या ज्याचा या घटस्फोटाशी, या मत्सराशी, या पैशाशी काडीचा संबंध नव्हता. त्या दोन गोळ्या चुकून काळजात लागल्या असत्या तर तो एक वाक्यही उरला नसता, 'आणि दारवान ठार' एवढे तीन शब्द झाले असते. तो साउंड इफेक्ट काढून टाका. बाकी काही नाही केलंत तरी चालेल, तो एक काढा.

पैशाचं पण बोलू. १९९३ मध्ये मॉरिझिओने तिला दर वर्षी साधारण दहा लाख स्विस फ्रँक द्यायचा करार केला होता. २०१७ मध्ये मिलानच्या अपील कोर्टाने सांगितलं की तो करार टिकतो, शिक्षा झाली तरी पैसे तिला मिळायला हवेत. तुम्ही सगळ्यांनी हे शेवटचा ट्विस्ट म्हणून वापरलंय, 'मारलं त्याच्याच पैशावर ऐश', आणि संपवलंय. कायद्याच्या दृष्टीने करार आणि गुन्हा वेगळे, हे मला समजतं, पटायला जड जातं पण समजतं. मला विचारायचंय ते वेगळंच. एवढे फ्रँक, एवढे लिरा, एवढे युरो मोजलेत, त्यात दाराशी गोळ्या लागलेल्या माणसाच्या भरपाईचा प्रश्न तुमच्यापैकी एकालाही का पडला नाही? एकानेही विचारलेलं मला सापडलं नाही. बाबांना तेव्हा औषधाचे पैसे मिळाले होते, तेही आई तीन वेळा जाऊन आली तेव्हा. ज्याने दिले त्याने मोजून दिले आणि रजा बिनपगारी लावली. म्हणून मला हा प्रश्न लगेच पडला. तुम्हाला पडायला तुमचे बाबा वॉचमन असायला हवेत असं थोडीच आहे.

मुलींबद्दल मी कमी लिहिणार आहे आणि तुम्हीही कमी लिहावं अशी विनंती आहे. दोन मुली होत्या, खून झाला तेव्हा एक अठराच्या आसपासची, एक चौदाची. वडिलांच्या अंत्यविधीला त्या आईच्या शेजारी उभ्या होत्या. पावणेदोन वर्षांनी आईला पोलीस घेऊन गेले. नंतर त्या वार्षिक रकमेवरून आईच्या विरोधात कोर्टातही उभ्या राहिल्या. या तीन वाक्यांच्या मध्ये जे काय असेल ते त्यांचं आहे. त्यांचे आजचे फोटो, लग्नं, घरं दाखवायची काय गरज आहे? त्यांनी ना सुपारी दिली ना घेतली. 'आईसारख्याच दिसतात' असं एका चॅनलने फोटोवर लिहिलंय, ते वाचून मला कसंतरीच झालं.

आणि कमेंट्स. तुम्ही वाचता का माहीत नाही, मी वाचल्या. अर्ध्या म्हणतात बायका असल्याच, नागीण, विषकन्या, लग्नच करू नये. अर्ध्या म्हणतात बरोबर केलं, सोडून गेलेल्याला असंच पाहिजे, वाघीण. दोन्ही बाजू भांडतायत पण दोघांच्या नजरेत तीच एकटी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात २०२३ साली जगभरात सुमारे ५१,१०० बायका आणि मुली आपल्याच जोडीदाराच्या किंवा घरच्यांच्या हातून मेल्याचा अंदाज दिलाय, रोजच्या १४० होतात, तेव्हा 'बायका असल्याच' म्हणणाऱ्याने जरा थांबावं. पण म्हणून पॅट्रिझियाला वाघीण म्हणायचं का? नाही. तिने एक माणूस मारवला, चौघांना त्यात ओढलं, दारवानाच्या हातात गोळ्या घालवल्या आणि स्वतःच्या मुलींना एका दिवसात बापाविना केलं. मी बाई आहे, सोडून दिलेल्या बाईचं काय होतं ते मी घरात पाहिलंय, माझी मावशी तशीच राहिली आयुष्यभर. तिच्या तोंडी कधी कोणाला मारायची भाषा आली नाही. रडली, भांडली, पोळ्या लाटून मुलगा शिकवला. तिच्यावर कोणी एपिसोड करणार नाही, ठीक आहे, पण निदान सोडून दिलेल्या बाईचा राग म्हणजे काय हे दाखवायला पॅट्रिझियाच नको.

तुम्हाला वाटेल ही बाई म्हणतेय की ही गोष्टच सांगू नका. अजिबात नाही. सांगा. माझ्या बाबांना ऐकायचीय. फक्त कॅमेरा जरा फिरवा. व्हिया पालेस्त्रोपासून सुरू करा, झाडूपासून. मग हॉटेलच्या काउंटरवर या, कर्ज झालेल्या माणसाच्या घरी जा, बघा तो किती पैशाला तयार होतो आणि का. मग कोर्टात साक्षीच्या दिवशी थांबा, दहा मिनिटं थांबा. तेवढ्यात ती येईलच, ती काय जाणार आहे कुठे. व्ह्यूज कमी होतील असं एकाने मला मेलला उत्तर देताना लिहिलं होतं. होतीलही. त्याने निदान उत्तर दिलं म्हणून त्याचे आभार.

माझ्याकडून मी एवढं केलं की बाबांना सगळं सांगितलं. की तो वाचला. की त्याने कोर्टात ओळखलं. की म्हातारपणी त्याने मुलाखती दिल्या, त्या सकाळबद्दल बोलला. बाबांनी आपल्या मनगटावरून हात फिरवला, सवय आहे त्यांना, आणि मग मला विचारलं की बरा झाल्यावर तो परत त्याच दारावर ड्युटीला गेला का गं, आणि गेला असेल तर पहिल्या दिवशी कोण होतं त्याच्याबरोबर.

बाबा पहिल्या दिवशी गेले तेव्हा मी गेले होते बरोबर. दप्तर घेऊन, तिथूनच शाळेला.

तर हे तुम्ही शोधा आणि सांगा. तुमच्याकडे टीम आहे, इटालियन येणारी माणसं मिळतील. रात्री साडेदहानंतर कधीही टाका, ते जागे असतात.

तुमची एक श्रोता,
आणि एका वॉचमनची मुलगी